पुनावळ्यातला कमरेचा माग

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सकाळी फोटो पडला. बागेतल्या गझेबोच्या खांबाला दोरी बांधलेली, दोरीला रंगीत सुताचा लांबट पट्टा ताणून लावलेला, आणि पट्ट्याचं दुसरं टोक एका बुटक्या म्हाताऱ्या बाईच्या कमरेला. बाई गुडघे मुडपून फरशीवर बसलेली. फोटोखाली आमच्या चेअरमननी लिहिलं होतं, ‘हे काय चाललंय? आपण टॉवरमध्ये राहतो की चाळीत?’

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. कुणी कपाळाला हात लावलेलं चित्र टाकलं, कुणी विचारलं, ‘सिक्युरिटी झोपलीय का?’

चाळ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या त्या माणसाचं बालपण कुठं गेलं ते मला चांगलं ठाऊक आहे. भोसरीत, आमच्या मागच्याच गल्लीत, पत्र्याच्या खोलीत. त्याची आई आणि माझी आई एकाच नळावर भांडायच्या. पण माणूस एकविसाव्या मजल्यावर राहायला गेला की त्याला खालचं काही दिसेनासं होतं, आणि स्वतःचं तर मुळीच दिसत नाही.

माझे वडील एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावण्यात गेला. निवृत्त झाले आणि मुलगा मला पुनावळ्याला घेऊन आला. इथं परवापरवापर्यंत शेतं होती. आता टॉवर आहेत, आणि आमच्या टॉवरांना कुठल्याशा इटालियन गावाचं नाव दिलंय. वॉचमनला ते उच्चारता येत नाही, आणि ज्यांना आपल्याला येतं असं वाटतं त्यांनाही येत नाही.

फोटोतली बाई माझ्या समोरच्या फ्लॅटमधली होती. मी चप्पल घातली आणि खाली गेले.

गझेबोपाशी आमचा मराठवाड्याकडचा वॉचमन डोकं खाजवत उभा होता. चांगला पन्नाशीचा माणूस. मला बघून त्याला हायसं वाटलं.

“मॅडम, दोरी सोड म्हून वरून ऑर्डर आलीय,” तो म्हणाला. “पन बाई आईच्या वयाची हाय. दोरी सोडली तर ती मागं आदळंल की. हात कसा लावू?”

बाईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं एक गुळगुळीत लाकडी पट्टी, तलवारीसारखी, ताणलेल्या दोऱ्यांमध्ये आडवी घातली आणि धप्पकन स्वतःकडे ओढली. मग अंग जरासं पुढं झुकवलं. दोऱ्या सैलावल्या तशी एक काठी उचलली, आडवा धागा सरकवला, आणि पुन्हा मागं रेलली. सगळा ताण तिच्या कमरेवर होता. माग म्हणून वेगळं यंत्र नव्हतंच. काही काठ्या, एक दोरी, एक चामड्याचा पट्टा आणि ती स्वतः.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. खांबाकडे बोट दाखवून नाही म्हणून मान हलवली, वर माझ्या घराकडे बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की वर्गात उशिरा येणाऱ्या पोराकडे मी तरी कधी तसं पाहिलं नसेल. मग हातातली ओळ पुरी केली. तोवर मी आणि वॉचमन दोघंही मुकाट थांबलो. ओळ झाल्यावर तिनं सगळं गुंडाळून काखेत मारलं आणि माझ्या आधी लिफ्टकडे चालू लागली.

ती मेक्सिकोची. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथली. माया लोक म्हणतात त्यांच्यातली. तिचा मुलगा इंजिनिअर, त्याच्या कंपनीनं त्याला चाकणच्या कारखान्यात पाठवलेलं. सुनेला इथंच दिवस गेले, इथंच बाळ झालं, आणि सासू बाळंतपणाला आली. आमच्याकडच्या आया डिंकाचे लाडू डब्यात भरून अमेरिकेला जातात. ही आली ती काठ्यांचं बोचकं घेऊन.

हे मला सुनेकडून कळलं. ती पोरगी तोडकंमोडकं इंग्रजी बोलायची आणि अडलं की फोनला विचारायची. पण सासूची भाषा तिला येत असली तरी फोनला येत नव्हती. ती स्पॅनिश नव्हतीच, त्सोत्सिल नावाची वेगळीच होती. आमच्या सोसायटीतल्या विद्वानांना हे काही पटत नव्हतं. लिफ्टमध्ये तिला गाठून ते इंग्रजीत बोलायचे, आणि तिला समजलं नाही की तेच वाक्य मोठ्यानं म्हणायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. ती शांतपणे त्यांच्याकडे बघायची. तळमजला आला की त्यांना कोपरानं बाजूला सारून बाहेर पडायची.

तिची अडचण साधी होती. विणायला काहीतरी घट्ट लागतं, जे ओढलं तरी हलणार नाही. आणि आमच्या इतक्या मोठ्या टॉवरमध्ये तसं काहीच नव्हतं. गॅलरीला काचेचा कठडा. भिंतीत खिळा मारायला घरमालकाची बंदी. तिनं फ्रिजच्या दांड्याला दोरी बांधून बघितली, तर फ्रिज पुढं आला. बेडरूमच्या दाराला बांधली, तर हँडल हातात आलं. बागेत झाडं म्हणून जे लावलंय ते कुंडीतून उपटून आणलेलं आणि बांबूच्या आधारानं उभं. राहता राहिला गझेबोचा खांब.

माझ्याकडे मात्र लोखंडी ग्रिल होतं. नातीसाठी म्हणून मी हट्टानं बसवून घेतलेलं. इमारतीची शोभा जाते म्हणून कमिटीनं मला नोटिसा पाठवल्या होत्या. त्या मी नातीला विमानं करायला दिल्या. बाईनं घरात पाऊल टाकल्याबरोबर ते ग्रिल पाहिलं, दोन्ही हातांनी धरून त्याला सगळ्या अंगानं झटका दिला, आणि “हं” म्हणाली. माझ्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला तिनं कधी “हं” म्हटलं नाही.

त्या दिवसापासून सून आणि बाळ दुपारी झोपले की ती माझ्या हॉलमध्ये यायची. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सोफा होता, तो तिनं स्वतःच ढकलून बाजूला केला. फरशी गुडघ्यांना टोचायची, म्हणून मी कपाटातून एक शाल काढून दिली. माझ्या निरोप समारंभातली. नोकरीत असताना मला अशा बऱ्याच शाली मिळाल्या, आणि मीही बऱ्याच लोकांना दिल्या. या शाली कुणी पांघरत नाही. त्या एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात जातात. तिनं शाल उलटी केली, मागून सुटलेले धागे चिमटीत धरून मला दाखवले आणि खो खो हसली. मलाही हसू आलं. मी कपाटातली सगळी चळत आणून तिच्यापुढं टाकली. तिनं एकेक बघून नाकं मुरडली, आणि त्यातल्या त्यात जाड होती ती गुडघ्याखाली घेतली. शिक्षणाधिकाऱ्यांच्या हस्ते मिळालेली होती ती. इतका चांगला उपयोग तिचा कधीच झाला नसता.

ती विणत होती ते नातवाला पाठीशी बांधायचं कापड होतं. पांढऱ्या जमिनीवर लाल, आणि लालात मधे मधे काळं नि पिवळं. त्यात चौकटी होत्या, आणि चौकटींत पाय फाकून बसलेलं काहीतरी. मी हातानं विचारलं, हे काय? तिनं गाल फुगवून आवाज काढला. बेडूक! इतका हुबेहूब काढला की आतून नात धावत आली.

माझी सून आयटीतली, वाकडला ऑफिस. घरून काम असेल तेव्हा कानाला हेडफोन लावून ती हॉलमधून जायची. एकदा थांबली. “आई, किती क्यूट आहे हे! त्यांना विचारा ना, आपल्याला एक टेबल रनर करून देतील का?”

जगात कुणी काहीही विणो, आमच्याकडच्या लोकांना त्याचा टेबल रनरच करायचा असतो. मी विचारलं नाही.

मी स्वतः मात्र एकदा शिकायचा प्रयत्न केला. पट्टा कमरेला बांधला, बसले, मागं रेलले. दोऱ्या एका बाजूला सैल, एका बाजूला कडक. आयुष्यभर खुर्चीत बसलेली कंबर, तिला काय सांगणार? बाईनं माझ्या खांद्याला धरून मला सरळ केलं. मी काठी उचलली, तशी फट्‌दिशी माझ्या हातावर चापट. का, ते सांगणं नाही. दुसरी काठी उचलली, पुन्हा चापट. शिकवायची ही पद्धत असेल तर आमच्या शाळेत तिला आठवडाभरात निलंबित केलं असतं. थोड्या वेळानं तिनं पट्टा सोडवला, मला उठवलं आणि स्वतः बसली. माझं शिक्षण तिथंच संपलं. मी चहा करायला गेले. चहालाही तिनं तोंड वाकडं केलं, साखर कमी म्हणून.

अशी ती होती. गोड बिड अजिबात नव्हती. पण दुसऱ्याला नावं ठेवण्यात एवढी प्रामाणिक बाई मला खूप दिवसांत भेटली नव्हती, आणि तिच्या येण्याची मी वाट बघायला लागले.

महिला दिन जवळ आला तशी सांस्कृतिक कमिटीच्या मॅडम माझ्या दारात आल्या. या मॅडम ऑनलाइन साड्या विकतात आणि फोटोत नेहमी एखाद्या मातीच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. गझेबोच्या फोटोला पहिला अंगठा त्यांचाच होता.

“काकू, तुमच्याकडे ती ट्रायबल लेडी येते ना?”

“माझ्याकडे शेजारीण येते,” मी म्हटलं.

“तीच हो. आम्हाला तिचा सन्मान करायचाय. लाइव्ह डेमो ठेवू. आदिवासी स्त्रीशक्ती अशी थीम आहे. किती ऑथेंटिक आहे सगळं! मला तर अंगावर काटा आला.”

हे टॉवर उभे राहत होते तेव्हा इथं डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायकांत मावळातल्या कातकरणी होत्या, ठाकरणी होत्या. त्यांना पाहून कुणाच्या अंगावर काटा आला नव्हता. आणि घरकामाच्या बायकांनी मागच्या लिफ्टनंच यायचं, हा नियम याच मॅडमनी मिटिंगमध्ये मांडून पास करून घेतला होता. म्हणजे आदिवासी चालते, पण विमानानं आलेली हवी.

मी हे सगळं बोलून दाखवलं. मॅडम हसल्या. “काकू, तुम्ही पण ना!” म्हणाल्या, आणि सरळ समोरची बेल वाजवली.

समोरच्या सुनेला आनंद झाला. परक्या देशात कुणी बोलावतंय म्हटल्यावर तिचं बिचारीचं काय चुकलं? मुलालाही वाटलं, शेजाऱ्यांशी जमतंय तर बरंच आहे. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. सुनेनं तो इंग्रजीत सांगितला, “ती विचारते, खांब आहे का?”

“ऑफ कोर्स!” मॅडम म्हणाल्या. “इतका ब्यूटिफुल पिलर ठेवणार आहोत!”

कार्यक्रम क्लब हाऊसमध्ये होता. स्टेजवर भलंमोठं फ्लेक्स, त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो. पाहुणे म्हणजे आमच्या भागातले भाऊ. त्यांना सगळे भाऊच म्हणतात, आणि उद्घाटन कशाचं आहे हे न विचारता ते येतात. फोटोच्या एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, स्त्रीशक्ती. फ्लेक्सच्या एका बाजूला लग्नाच्या मांडववाल्याकडून आणलेला पांढराशुभ्र खांब होता, वर वेलबुट्टी कोरलेला.

बाई आली ती तिच्या पद्धतीचा झगा घालून. गळ्यापासून खाली सगळी लाल नक्षी. बायकांनी तिच्याभोवती गर्दी करून फोटो काढले. तिच्या बाह्या, तिची वेणी ओढून बघितली. ती सगळ्यांतून वाट काढत खांबापाशी गेली. दोरी बांधली. आणि बसण्याआधी, कुठलीही शहाणी बाई करील तेच तिनं केलं, खांबाला एक झटका दिला.

खांब थर्माकोलचा होता. तो कमरेत मोडला, फ्लेक्सवर पडला, आणि भाऊंचा फोटो हसत हसत खाली आला.

ती खांबाच्या पांढऱ्या चुऱ्याकडे बघत राहिली. मग वळून मॅडमकडे बघितलं. त्या नजरेचं भाषांतर करायला फोन लागत नव्हता.

धावाधाव झाली. “कुणीतरी दोरी धरा!” चेअरमन ओरडले. दोन वॉचमन पुढं आले आणि रस्सीखेच खेळावी तशी दोरी धरून उभे राहिले. बाई मागं रेलली की ते पुढं यायचे, मग दचकून मागं ओढायचे. ती त्यांच्यावर खेकसली. शेवटी तो मराठवाड्याचा वॉचमन खाली बसला. त्यानं दोरी स्वतःच्या कमरेला गुंडाळली, बूट फरशीवर रोवले आणि अंग ताठ केलं. बाईनं पट्टा ओढून पाहिला आणि मान डोलावली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. मधे लाल, काळे, पिवळे धागे ताठ उभे राहिले आणि ती विणायला लागली.

“अरे, तू ड्युटीवर आहेस!” चेअरमन त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले.

“साहेब, हालू नका म्हनतीय बाई,” तो म्हणाला आणि हलला नाही.

त्या संध्याकाळी मला जे काही बघण्यासारखं वाटलं ते एवढंच. ते बघायला कुणी फारसं थांबलं नाही. तिच्यासाठी कार्यक्रमात जेमतेम पाच मिनिटं ठेवलेली. भाऊ आले, भाऊंचं भाषण सुरू झालं. त्यांनी जिजाऊ, सावित्रीबाई आणि आमचा नवा डीपी रोड एका श्वासात घेतला. ती विणत राहिली. मधेच धप्पकन पट्टी ओढायची, की भाऊंचा शब्द अडखळायचा.

भाषण संपलं, आणि मॅडमनी माइक हातात घेतला. “आता आपल्या ट्रायबल आर्टिस्ट त्यांची कलाकृती भाऊंना भेट देतील!”

समोरच्या सुनेनं माझ्याकडे बघितलं, तिला शब्द कळले नव्हते. मॅडमच्या दुसऱ्या हातात ताट होतं, ताटात फीत कापायची कात्री, तिला झेंडूची दोन फुलं बांधलेली.

मी उठून ओरडले, “अहो, ते कापायचं नसतं! ते अजून पुरं व्हायचंय!”

कापड मागावरून उतरतं ते चारी कडा आपोआप बंद होऊन. त्याला कात्री अशी कधी लागतच नाही. हे मला ग्रिलपाशी बसून बसून कळलं होतं. पण मला माहीत नसतं तरी काय? अर्धं विणलेलं दुसऱ्याचं कापड कापू नये, एवढं कळायला मेक्सिकोला जावं लागतं का?

मॅडम ताट खाली ठेवून वाकल्या. कॅमेऱ्याकडे बघून हसल्या आणि कात्री चालवली.

चापट एवढ्या जोरात बसली की माइकनं ती सगळ्या हॉलला ऐकवली. कात्री फरशीवर घसरत भाऊंच्या पायाशी गेली. मग मागच्या रांगेतलं कुणाचं तरी लहान मूल टाळ्या वाजवायला लागलं आणि आईनं त्याचे हात धरले.

भाऊ उठले. “दुसरा कार्यक्रम आहे,” म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागं त्यांची माणसं, आणि त्यांच्यामागं समोसे संपायच्या आत पोचावं म्हणून बाकीचे.

कडेचे काही उभे धागे तुटले होते. बाईनं पट्टा सोडला, सगळं गुंडाळलं. वॉचमन उठला तर त्याच्या कमरेला दोरीचा वळ उठलेला. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघाली.

मी तिच्यामागून गेले. ती तिच्या घरी गेली नाही, माझ्याकडे आली. ग्रिलला माग बांधला आणि तुटलेलं एकेक टोक शोधून नव्या धाग्याशी गाठवू लागली. तोंडानं पुटपुटणं चालू होतं. शिव्याच असणार. शिव्यांचा सूर सगळ्या भाषांत सारखाच असतो. पण एका गाठीशी तिनं हात तोंडाशी नेऊन ओठांवर दाबला. बोलून तिला कळलं नसतं, म्हणून मी साखर जास्त घालून चहा ठेवला.

रविवारी कमिटीनं खास मिटिंग बोलावली. चेअरमननी सुरुवात केली, “पाहुण्यांसमोर आपल्या मेंबरवर हात उचलला गेला. भाऊंचा अपमान झाला. बाहेरच्या लोकांनी आपल्या कल्चरचा रिस्पेक्ट ठेवायला पाहिजे.”

मॅडमच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. चापट तळहाताच्या मागं बसली होती, पण ते असो.

समोरचा मुलगा उभा राहिला. उंचापुरा, भला माणूस. मान खाली घालून त्यानं इंग्रजीत माफी मागितली, आईच्या वतीनं. आई शेजारीच बसली होती. त्यानं तिला हळूच काहीतरी विचारलं. तिनं एका शब्दात उत्तर दिलं. तो लाल झाला. ते उत्तर त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

मी उठले. “आधी कात्री कुणी लावली, ते लिहून घ्या,” मी म्हटलं.

“काकू, तुम्ही मधे पडू नका,” चेअरमन म्हणाले.

“मी मधेच राहते. भोसरीत असताना तुमच्या आई गोधड्या शिवायच्या, आठवतंय? सगळ्या गल्लीच्या शिवायच्या. त्यांनी शिवायला घेतलेल्या गोधडीला कुणी कात्री लावली असती तर त्या माउलीनं नुसती चापट मारली असती का?”

चेअरमनचा फोन वाजला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला. भोसरीचं नाव निघालं की त्यांना हटकून फोन येतो.

मॅडम म्हणाल्या, “काकू, गोधडी वेगळी आणि इंटरनॅशनल आर्ट वेगळं.” मी खाली बसले. आयुष्यात मला खाली बसवणारी माणसं थोडी झाली, त्यात या आहेत.

माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. दोघी-तिघी लिफ्टमध्ये मला हळूच म्हणाल्या, “टीचर, तुमचं बरोबर होतं हं.” लिफ्टमध्ये सगळेच शूर असतात. समोरच्या फ्लॅटचा मालक परदेशात राहतो, त्याच्या कानाशी कोण लागलं कोण जाणे, त्यानं भाडेकरार पुढं वाढवायला नकार दिला. आणि त्या वॉचमनची बदली आमच्याच एजन्सीच्या दुसऱ्या साइटवर, वाकडला झाली. जाताना तो मला भेटून गेला. “तिथं बसायला खुर्ची हाय मॅडम,” म्हणाला. म्हणजे बदलीही यांना नीट करता आली नाही.

समोरची मंडळी चाकणच्या पलीकडं एका गावात राहायला गेली. कंपनी जवळ पडली. घर म्हणजे एका म्हातारीचं बैठं घर, पुढं अंगण, बाजूला गोठा, आणि गोठ्यात एक म्हैस. भिंतीपलीकडं कंपन्यांचे पत्रे दिसतात आणि दिवसभर कंटेनर जात असतात. मी आठ-पंधरा दिवसांनी बस बदलत बदलत जायला लागले. मुलगा म्हणाला, “आई, एवढ्या ट्रॅफिकमधून कशाला? व्हिडिओ कॉल कर ना.” व्हिडिओ कॉलवर काय करणार? एकमेकींकडे बघून नाकं मुरडणार?

पहिल्यांदा गेले तर बाई गोठ्याच्या मेढीला माग बांधून बसलेली. मेढ सागाची, जमिनीत खोल पुरलेली. म्हैस तिच्या मागं रवंथ करत होती. घरमालकीण उंबऱ्यात लसूण सोलत होती. मला तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच तक्रार सुरू केली.

“ही बाई काय म्हनती ते मला एक अक्षर कळत न्हाई,” ती म्हणाली. “पन माझ्या म्हशीला नावं ठिवती, एवढं कळतंय.”

“कशावरून?”

“तोंडावरून! काल दुधाकडं बघून असं तोंड केलं.” आणि तिनं ते करून दाखवलं. बरोबर तेच तोंड होतं.

तिकडून बाईनं काहीतरी जोरात सुनावलं. घरमालकीणही लसूण टाकून उठली. “व्हय व्हय, आमी अडानी! आन तू लई शानी! बेडकं काढती कापडावर. चांगला मोर काढावा, पोपट काढावा, तर बेडूक!” बाईनंही हातवारे करून उत्तर दिलं. बराच वेळ दोघींचं चाललं. कुणालाच दुसरीचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि दोघींच्याही चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. समोरची सून ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. ती मला म्हणाली, “एव्हरी डे,” आणि हसली.

कापड तिनं तिथंच पुरं केलं. तुटलेल्या धाग्यांच्या जागी गाठींची एक रेघ राहिली, हात फिरवला तर लागते. ती लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. बाळाला पाठीशी बांधून ती अंगणातून फिरली, तर घरमालकीण म्हणाली, “पोराचे पाय फेंगडे व्हतील अशानं.” पण गाठ नीट बसलीय ना, हे तिनं स्वतः मागं जाऊन ओढून बघितलं.

आमच्या सोसायटीनं पुढं नवीन माहितीपत्रक छापलं. त्यात एका पानावर त्या संध्याकाळचा फोटो आहे, चापटीच्या आधीचा. मॅडम वाकलेल्या, बाई विणतेय. वॉचमन कापून टाकलाय, त्यामुळं दोरी नुसतीच फोटोबाहेर जाते. खाली लिहिलंय, ‘जागतिक संस्कृतीशी नातं जोडणारी वास्तू’. फ्लॅट विकत घ्यायला येणारी माणसं ते वाचतात आणि माना डोलावतात.

पावसाळ्याच्या तोंडाशी बाई तिच्या देशात परत गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले होते. काठ्या बोचक्यात बांधून झाल्या होत्या. तिनं मला काही भेट दिली नाही, आणि मीही शाल नेली नव्हती. घरमालकिणीनं म्हशीच्या दुधाचा चहा केला. त्यात तिनं मुठीनं साखर घातली. बाईनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिनं तोंड वाकडं केलंच.

“बघितलं?” घरमालकीण मला म्हणाली. “आता तुमीच सांगा.”